साडूंच्या कॉम्प्युटरमधलं गडाचं पाणी

माझे साडू मुरबाडला, मी शहापूरला. दोन घरांत दोन सख्ख्या बहिणी, त्यामुळे त्यांच्याकडे काय आहे आणि आमच्याकडे काय नाही, हे लग्नापासून मला रोज कळत आलं आहे.

म्हातारपणी आम्ही एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून एकसारखे दोन जुने कॉम्प्युटर आणले. ते पुन्हा चालू करायचे, एवढीच हौस. त्या काळचे प्रोसेसर चुलीसारखे तापत. मी धूळ काढून नवा पंखा बसवला. मशीन चालू झालं, पण बायको म्हणायची, "घरात गिरणी टाकलीत का?"

साडूंनी पंखा काढून पाण्याचा संच बसवला. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, छोटा पंप, पारदर्शक नळ्या, मागे गाडीत असतो तसा पण लहान रेडिएटर. आयुष्यभर गावोगावचे पंप खोललेला माणूस. त्यांना ते जमलं. मशीन चालू आहे की बंद, हे हात लावल्याशिवाय कळायचं नाही. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला आलेले पाहुणे वाट वाकडी करून ते बघून गेले. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही.

"ताईकडचं बघा, मांजरासारखं गप बसलंय," बायको म्हणाली. पुढे कितीतरी दिवस जेवताना मला तेच ऐकू यायचं.

संचासोबत आलेलं पाणी कमी झालं तेव्हा साडूंनी मलाच विचारलं. आमच्याकडे कोणी सिद्धगडावर गेलं की झऱ्याच्या पाण्याची बाटली भरून आणतं. आजाऱ्याला ते देतात, नव्या गाडीवर शिंपडतात. तशी एक बाटली त्यांच्या हातात होती.

"गडाचं पाणी घालू का रे? माणसाला चालतं, मशीनला का नाय?"

मला माहीत होतं. झऱ्याच्या पाण्यात क्षार असतात, आणि खिडकीच्या उजेडात त्या नळ्यांना शेवाळ धरणार होतं.

"घाला की दादा," मी म्हणालो. "त्याहून शुद्ध कुठलं?"

उन्हाळ्यापर्यंत नळ्या हिरव्या झाल्या. ठोकळ्यातल्या पाणी फिरायच्या बारीक फटी बुजल्या, पंप अडकला, तापून नळीचा जोड सुटला आणि पाणी कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर सांडलं. बोर्ड कायमचा गेला.

ऐकून मला आधी बरं वाटलं. मग भेटेल त्याला मी सांगत सुटलो, की वीज आणि पाणी एका डब्यात ठेवूच नये, आपला पंखाच बरा. साडूंनी मात्र भलतंच मनात घेतलं. "जोड माझ्या हातून नीट बसला नाय. हात थरथरतात आता," असं म्हणून त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. पुढे बल्बचा होल्डर बदलायलाही ते माणूस बोलवू लागले.

मी माझं वीज-पाण्याचं पालुपद चालूच ठेवलं.

दोन महिन्यांपूर्वी मुरबाडला गेलो होतो. साडू म्हणाले, "इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घाल रे. माझ्या हातून सांडंल."

बॅटरीच्या पाण्याचा, म्हणजे क्षार काढलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा, कॅन उचलला आणि माझ्याने पुढे होईना.

"दादा, तुमचा जोड चांगला होता. पाणी चुकलं. हे घालायला हवं होतं, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं."

ते माझ्याकडे वळले. "मग बोलला का नाय?"

"तुमच्या मशीनचा आवाज येत नव्हता म्हणून."

त्यांनी माझ्या हातून कॅन काढून घेतला आणि स्वतःच एकेक झाकण उघडून पाणी घातलं. थोडं सांडलं. ते त्यांनी फडक्याने पुसलं.

"माळ्यावरची पेटी काढ," ते म्हणाले. "आणि तुझी ती गिरणी उद्या इकडं आण. तिचा बोर्ड मला लागंल."

मी नेऊन दिली. मुरबाडचं मशीन आता बॅटरीच्या पाण्यावर चालतं, आणि पाहुणे पुन्हा ते बघायला जातात. माझ्या टेबलावर गिरणीचा परत आलेला रिकामा डबा आहे. घर कसं शांत वाटतं, असं बायको म्हणते. माझ्या पोटात अजून दुखतं. पण ज्यांना ज्यांना मी वीज-पाण्याचं सांगत फिरलो, त्यांना कळावं म्हणून लिहितो, तो जोड चांगला होता.