गिनतीचा चहा

माझी शेवटची पोस्टिंग पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात, डोक्याच्या जखमांच्या वॉर्डात. मी नर्सिंग ऑफिसर, कॅप्टन. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर भाट्याचं, म्हणून त्याच किनाऱ्यावरच्या नाटे गावचा दत्ताराम, हुद्द्यानं नाईक, दाखल झाला तेव्हा घरचंच माणूस आल्यासारखं वाटलं. बर्फात त्यांची गाडी दरीत गेली होती. ड्रायव्हर गंगाराम जागीच गेला. दत्ताराम वाचला, पण मेंदूला मार. हात धड, बोलणं धड, मात्र कामात आधी काय नि मग काय तेच सुचत नसे. शर्टावर बनियन घाली. रिकामं भांडं स्टोव्हवर ठेवून बसे.

एका सकाळी मी परेडसारखी ऑर्डर दिली. "गिनती से चाय. एक." त्यानं भांडं उचललं. "दो." पाणी ओतलं. तुम्हाला सांगते, रंगरुटाला रायफल अशीच आकड्यांवर शिकवतात. ते त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

डिस्चार्जच्या वेळी त्याच्या आईला हेच शिकवलं: आकड्यावर हात चालवायचा, 'विश्राम' म्हटलं की थांबवायचा. मी रिटायर होऊन त्याला भेटायला नाट्याला गेले, तर घरात ती बाजारात मासळी विकतानाच्या खणखणीत आवाजात "दो" म्हणत होती.

"गो बाय," ती मला म्हणाली, "पहिल्या दिवशी 'ढवळ' म्हटलं नि बंदरावर गेले. परत येते तर मेला अजून ढवळतोय. चहाचा कोळसा."

"विश्राम कुठं म्हणालीस?" दत्ताराम.

"तुझ्या बापानं कधी माझा हुकूम पाळला नाही. तूच काय तो."

त्याच दिवशी गंगारामचे वडील यायचे होते, राजापूरकडचे शेतकरी.

"सिस्टर, आज चहा मीच करणार. गिनती नको."

"का रे?"

"गाडी दरीत जाताना गंगानं दार उघडून मला बाहेर ढकललं. त्याच्या बापाला एक चहा मला आपणहून करता येऊ नये?"

म्हातारे आले. दत्तारामनं काडी ओढली. भांडं रिकामंच होतं. आईचे ओठ हलले, मी तिचा हात दाबला. तो थांबला. काडी विझवली. पाणी ओतलं. मग दुसरी काडी ओढली.

चहा गाळून कप त्यानं म्हाताऱ्यांच्या हातात दिला आणि स्वतःशीच हळू म्हणाला, "विश्राम."

म्हाताऱ्यांनी घोट घेतला. "आमचा गंगाही असाच गोड करायचा."

शिपाई गंगाराम, ड्रायव्हर. त्यानं दार उघडलं, म्हणून त्या दिवशी नाट्यात चहा झाला.