तिसरा पाट

पळसदेवच्या नव्या घराची वास्तुशांत. पूजेपुढे तीन पाट. मधल्यावर तुमचे आजोबा, उजवीकडे ती, त्यांची दुसरी बायको. डावीकडचा माझा.

गुरुजी अडले. "यजमानांच्या हाताला हात कोण लावणार?"

तो मान पत्नीचा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुमी शिकलेल्या. समजून घ्या. हितं ऱ्हानार ती, हात तिला लावू द्या."

मागून जाऊबाई म्हणाल्या, "दोघी लावा की. भावजींना हात दोन हायेत."

बायका हसल्या. तुमचे आजोबाही हसले.

मुलांनो, त्यांनी मला फसवलं नव्हतं. तिला आणण्याआधी तिच्याविषयी स्वतः येऊन सांगितलं होतं. "तुझं काही कमी होणार नाही," म्हणाले होते. मी बारामतीत कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मत्सर करणं मला हलकं वाटे. मी होकार दिला.

खरंच काही कमी झालं नाही. घर होतं, मान होता. फक्त ते कधी येतील हे कळत नसे. विचारलं तर, "येईन की." फाटकाशी स्कूटर वाजली की उठायचं. शेजाऱ्यांची निघायची. तुमचे वडील वसतिगृहावर; दोघांचा स्वयंपाक, एकटीचं जेवण. टायफॉइड झाला तेव्हा निरोप धाडला. आले ते ताप उतरल्यावर, द्राक्षं घेऊन. "मला वाटलं, तू सांभाळशील."

मी सांभाळते, हाच माझा गुन्हा.

पूजेत ती माझ्याकडे वाकली. हळूच म्हणाली, "ताई, तुमीच लावा. मला तरी कुठं ठावं असतंय, ह्ये कधी येणार त्ये."

मी तिच्याकडे पाहिलं. आजवर मला वाटे, माझं गेलं ते हिला मिळालं. हिलाही तसंच वाटत असणार. मिळालं कोणालाच नव्हतं.

मी उठले.

"बस. लोक बघतायत," आजोबा म्हणाले.

"बघू देत. हात कोणीही लावा. कुठल्या दिवशी कुठे असणार, एवढं आम्हा दोघींना सांगा. आणि सांगाल तसे या."

"पूजेत हे काय काढलंस?"

उत्तर तेवढंच. मी हायवेपर्यंत चालत गेले. भिगवणला बस बदलली. घरी कोणी नव्हतंच.

पुढे ते आले. मी दारातच सांगितलं, "सांगून या. सांगितलेल्या दिवशी या. जमत नसेल तर येऊ नका." त्यांना ते जमलं नाही. मीही मागे हटले नाही.

एकटेपणा गेला नाही. आजही आहे. पण तो माझा आहे, कोणाच्या लहरीवर लटकलेला नाही.

तुमच्या पिढीत माणसं एकापेक्षा जास्त जोडीदारांशी नातं ठेवतात, उघडपणे, म्हणे. ठेवा. एक असो, चार असोत. मात्र जो तुम्हाला ताटकळत ठेवतो आणि वर समजूतदार म्हणतो, त्याच्यासाठी समजूतदार होऊ नका. मी त्यानंतर झाले नाही. आता मरेपर्यंत होणार नाही.