शेवटची तार मालकाची

“‘होतंय’ म्हणजे काय होतंय, उस्ता? नेमकं काय होतंय?”

“लाकूड मुरतंय.”

“गेल्या उन्हाळ्यातही मुरतच होतं!”

“गेल्या उन्हाळ्यात कातडं वाळत होतं. तू नीट ऐकलं नाहीस, पोरी.”

“मी नीट ऐकलं नाही?” हयामने पर्स दुकानातल्या एकुलत्या एक रिकाम्या स्टुलावर आपटली. “उस्ता, कानाला हेडफोन लावून दिवसभर अख्ख्या कैरोच्या तक्रारी ऐकते मी. ऐकण्याचाच पगार मिळतो मला! आमच्या कंपनीत तक्रार आली की दोन दिवसांत निकाल. नाही लागला, तर आपणहून फोन करायचा, माफी मागायची, नवी तारीख द्यायची. तुम्ही जुनी तरी दिलीत का कधी?”

“तारीख दिली की लाकूड अंगात आल्यासारखं करतं. तडकतं.”

“अहो, देऊन टाका ना तिला तारीख!” वरच्या गॅलरीतून उस्ताच्या बायकोचा, तहियाचा, आवाज आला. “मी तर फोनवर सगळ्यांना उद्याचीच देते!”

उस्ता बशंदीने मान वर केली नाही. मांडीवरच्या दांडीवर तो कानस फिरवत राहिला. ही दांडी हयामच्या वडिलांच्या वाद्याची, सिमसिमियाची, नव्हतीच, पण हात चालू दिसलेला बरा, असं त्याला वाटलं.

पोर्ट सैदच्या अरब मोहल्ल्यात बशंदीचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक बोळकांडी. आत सरसाचा वास, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या सिमसिमिया: गोल पोट, पोटावर ताणलेलं कातडं, दोन हात वर केल्यासारख्या दोन दांड्या, त्यांच्यावर एक आडवी, आणि तिथून खाली उतरणाऱ्या तारा. कालव्यावर राहणाऱ्या माणसाला यातलं काही सांगावं लागत नाही. पण बशंदीकडून वाद्य घ्यायचं कसं, ते मात्र बाहेरच्याला कळत नसे. फोन करून उपयोग नाही. फोन वर तहियाकडे असतो आणि तहिया म्हणते, “उद्या, इन्शाल्ला.” इथे यायचं आणि बसायचं. बशंदी चहा मागवणार, तहिया वरून दोरीला बांधलेली टोपली सोडणार. चहा पिताना बशंदी गिऱ्हाइकाचे हात बघणार. बोटं आखूड की लांब, माणूस घाईचा की सबुरीचा, गातो तर कुठल्या पट्टीत. येऊन बसला नाही, त्याचं वाद्य मागे पडायचं. ज्याने “कधी?” विचारलं, त्याचं आणखी मागे. यात राग नसे. ज्या माणसाची ओळखच नाही त्याला आवाज कुठून द्यायचा, हे बशंदीला खरोखरच कळत नसे.

“आणि ते फोनवर काय लिहून ठेवलंयस ग?” तहियाने वरूनच दुसरी आघाडी उघडली. “‘फसवा माणूस, कुणी जाऊ नका!’ इस्माइलिया गावच्या मंडळींनी दोन सिमसिमिया रद्द केल्या! चाळीस वर्षांत याला कुणी फसवा म्हटलं नव्हतं. मी सोडून!”

“खोटं काय लिहिलं, तहियाकाकू?”

“खोटं असं मी कुठे म्हणतेय? चारचौघांत का लिहिलंस, म्हणतेय!”

इस्माइलियाचं काम गेलं त्या रात्री तहियाने बशंदीला फैलावर घेतलं होतं. हयामच्या वडिलांची, झगलूलची, सिमसिमिया एवढी का रखडली, ते एकदा सांग, म्हणून हट्ट धरला होता. तेव्हाही तो म्हणाला होता, “लाकूड मुरतंय.”

हयामचा आवाज एकदम उतरला. तिने पर्स उचलून स्टुलावर बसकण मारली.

“काका, मला भांडायचं नाहीये. बाबा गेल्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात मोरीत पडले, माहितीय ना तुम्हाला? रात्रभर तसेच होते. सकाळी दूधवाल्याने दार फोडलं. मला फोन आला तेव्हा मी दुसऱ्या लाइनवर कुणाचं तरी बिल ऐकत होते. आमच्याकडे मध्ये उठता येत नाही. शेवटचं वाक्य म्हणावंच लागतं, ‘आणखी काही सेवा करू शकते का?’ ते म्हटलं, आणि मग उठले. बाबांना कैरोला चला म्हटलं, तर म्हणाले, ‘नवी सिमसिमिया सांगितलीय बशंदीला. ती हातात आली की येतो. वाद्याशिवाय तुझ्या घरात भिंतींशी बोलू का?’ शब्द दिलाय त्यांनी. झगलूल रईसांचा शब्द काय असतो, ते तुम्हीच सांगता सगळ्यांना. मी खोली रंगवली, मोरीत धरायला कड्या बसवल्या. आणि तुम्ही म्हणता, लाकूड मुरतंय!”

झगलूल रईसचा शब्द. तो बशंदीला लहानपणापासून ठाऊक होता. लढाईच्या वर्षांत कालव्याकाठची सगळी वस्ती उठवली, तेव्हा बशंदीचं कुटुंब एका खेड्यातल्या शाळेत येऊन पडलं होतं. एका वर्गात चार बिऱ्हाडं, मध्ये चादरी. बशंदी एवढासा, रात्री समुद्र ऐकू येत नाही म्हणून झोपत नसे. पलीकडच्या चादरीआड झगलूल होता, मिसरूड फुटलेला. तो म्हणाला, “रडू नकोस, तुला समुद्र आणून देतो.” तुपाचा डबा, झाडूची काठी आणि कुठून तरी उपटलेली टेलिफोनची तार, एवढ्यावर त्याने वाजवायला सुरुवात केली. रोज वाजवीन म्हणाला, आणि परत येईपर्यंत रोज वाजवलं. पुढे झगलूल पोर्ट फुआदच्या फेरीबोटीवर दोर फेकायच्या कामाला लागला, आणि लोक त्याला मानाने रईस, म्हणजे नाखवा, म्हणू लागले. बशंदीने बापाचं सुतारकाम सोडून सिमसिमिया करायला घेतल्या. पहिली झगलूलला दिली. त्या डब्याची भरपाई म्हणून.

“ही कुणाची?”

बशंदीने दचकून वर पाहिलं. हयाम उभी राहिली होती. तिच्या डोक्यावरच्या खिळ्याला, जुन्या कापडाखाली, हिरवी-पांढरी कड दिसत होती. फेरीबोटीचा रंग. तिने कापड ओढलं.

खोटं बोलायला बशंदीला वेळच मिळाला नाही. “तुझ्या बाबांची.”

“ही तर झालीय.”

“एक तार बाकी आहे.”

“एक तार!” तिने वाद्य खिळ्यावरून काढून उजेडात धरलं. तारा झळझळीत, एका कडेला एक जागा रिकामी. “एक तार लावायला तुम्हाला एवढे महिने लागतात? आणा, मी लावते!”

“हात लावू नकोस!”

आवाज एवढा चढला की वरून तहियाने विचारलं, “काय पडलं?”

“काही नाही,” बशंदी म्हणाला. मग हयामकडे वळून, हळू, “ती मला लावता येत नाही, पोरी. शेवटची तार मालकाची. तार त्याने आणायची, गाठ त्याने मारायची. माझ्या बापाच्या बापापासून असंच आहे. ती बांधेपर्यंत वाद्य माझं, बांधली की त्याचं. मग मी म्हणायचं, मुबारक.”

“मग बाबांना सांगा ना, तार आणा म्हणून!”

“आणतात.”

“कधी?”

“रोज.”

हयामला कळेना. बशंदीने कानस खाली ठेवली. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती.

“रोज दुपारच्या नमाजानंतर येतात. खिशातून तार काढतात, उजेडात धरतात. एक दिवस म्हणतात जाड आहे. दुसऱ्या दिवशी म्हणतात गंजलीय. मी म्हणतो, खरंय रईस, गंजलीय. मग चहा होतो. संध्याकाळी घरी जातात. तुझा फोन आला की म्हणतात, बशंदीला विचार.”

“आणि तुम्ही मला...” हयाम वाद्य छातीशी धरून उभी होती. “तुम्ही माझ्याकडून फसवा म्हणवून घेतलंत. तोंडातून एक शब्द काढला नाहीत.”

“त्यांनी मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.” बशंदीने भुसा झटकला. “गिऱ्हाइकाला जे हवं, ते द्यायचं. त्यांना उशीर हवा होता.”

“आणि परत पडले तर? मोरीत, एकटे?”

“दुपारी आले नाहीत, तर मी जातो बघायला. आतापर्यंत दोनदा गेलो. एकदा झोपले होते, एकदा मासे तळत होते.”

“आणि रात्री, काका? रात्री पडले तर?”

हे बशंदीने स्वतःलाही कितीदा विचारलं होतं.

तेवढ्यात गल्लीतून काठीचा आवाज आला, आणि त्यामागून खणखणीत हाक. “तहिया! चहाला मासे आवडतात का ग? खमंग आणलेत!”

“तुम्ही आणलेत म्हटल्यावर आवडून घेईल बिचारा चहा!” वरून उत्तर आलं.

दारात झगलूल उभा राहिला. एका हातात काठी, दुसऱ्यात कागदात बांधलेले तळलेले मासे, तेलाचा डाग अंगरख्यापर्यंत आलेला. त्याने लेक पाहिली. लेकीच्या हातातलं वाद्य पाहिलं. मग बशंदीकडे पाहिलं, आणि बशंदीने मान खाली घातली.

“सुट्टी काढलीस?” झगलूल म्हणाला.

“काढली.”

“जेवलीस?”

“बाबा, बसा.”

तो बसला. मासे मांडीवर तसेच. मग तोच म्हणाला, “त्याच्यावर चिडू नकोस. तो लहानपणापासून माझंच ऐकतो. अक्कल कमी आहे.”

“माझ्या घरी एवढं वाईट आहे का, बाबा?”

“वाईट कुठे? चांगलं आहे. स्वच्छ आहे. नळाला पाणी आहे.” झगलूल काठीच्या टोकाने भुशात रेघा ओढू लागला. “पण आठव्या मजल्यावर मी वाजवायचं कुणासाठी? लोकांना वाटेल, लिफ्ट बिघडली.”

“माझ्यासाठी.”

“हं?”

“माझ्यासाठी वाजवा.” हयाम त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “माझ्यासाठी कधी वाजवलंत? तुम्ही धक्क्यावर बसायचात, भोवती पुरुषांचा घोळका. टाळ्या, आरोळ्या. मी आणि आई गॅलरीत. वारा आमच्या बाजूचा असला तर अर्धं गाणं यायचं. नसला तर तेही नाही. शाळेत मुली म्हणायच्या, तुझे बाबा काय सुंदर वाजवतात. मी म्हणायचे, हो.”

झगलूलची काठी थांबली.

“नसेल यायचं तर नका येऊ,” ती म्हणाली. “शब्द सोडला मी. तार बांधा, घरी घेऊन जा, इथेच राहा. मी येत जाईन. आणि काकांबद्दल लिहिलेलं पुसते, आत्ता.” तिने वाद्य त्याच्या मांडीवर ठेवलं, माशांची पुडी उचलून स्वतःकडे घेतली आणि ओढणीने तोंड पुसून फोन काढला.

बशंदीच्या छातीवरून काहीतरी उतरलं. शब्द सुटला. म्हणजे आता गाठ बसली तरी कुणी कुठे जाणार नाही. उद्या दुपारी काठी वाजेल, परवाही वाजेल. तार बांधून झाल्यावर यायला काही कारण लागेल, तर ते शोधू दोघं मिळून. खुंटी सैल होते, कातडं सर्दावतं. कारणांना काय तोटा!

झगलूलने अंगरख्याच्या खिशातून तार काढली. कालचीच होती. काल ती जाड निघाली होती. आज त्याने ती उजेडात धरली नाही. सरळ घोडीवरून ओढली, आडव्या दांडीवर नेली, दोन वेढे दिले आणि गाठ मारली. आयुष्यभर बोटीचे दोर बांधलेली बोटं होती ती. गाठ बसली.

मग तो स्टुलावरच वळला. नेहमी तो गल्लीकडे तोंड करून बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याने ऐकावं म्हणून. आज गल्लीकडे पाठ केली आणि लेकीकडे तोंड केलं. गाणं लांबलचक नव्हतं. धक्क्यावर पहाटे बोट सुटताना म्हणतात तसलं काहीतरी, मध्येच विसरला, परत धरलं. वर गॅलरीत टोपलीची दोरी अर्ध्यावर थांबली. हयाम फोन हातात धरून ऐकत होती. फोन कधीच बंद पडून काळा झाला होता.

संपल्यावर ती एवढंच म्हणाली, “हे मला अर्धंच माहीत होतं.”

“पुढचंही बरंच आहे,” झगलूल म्हणाला. “एका दिवसात व्हायचं नाही ते.”

ते बोलताना तो बशंदीकडे बघत नव्हता. बशंदीला कळलं. लाकूड तडकायच्या आधी जसं हाताला कळतं, तसं. लेकीने शब्द सोडला होता, पण कैरोला जायचा तो शब्द म्हाताऱ्याने सोडला नव्हता.

आता ‘मुबारक’ म्हणायचं असतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत आला होता तो. तो शब्द तोंडाशी आला आणि तिथेच अडकला. त्याने झगलूलच्या मांडीवरून वाद्य घेतलं, उगाचच पुसलं, नव्या गाठीवरून अंगठा फिरवला. गाठ पक्की होती. दोष काढायला जागाच नव्हती. त्याने ते जुन्या कापडात गुंडाळून झगलूलच्या काखेत दिलं.

“चहा आला बरं का!” टोपली खाली टेकली. तीन पेले, पुदिना वर तरंगणारा. कुणीच हात लावला नाही.

हयामने बाबांची काठी त्यांच्या हातात दिली. म्हातारा उठला. दारापाशी आल्यावर त्याने चौकटीला हात टेकला. रोज उठताना टेकायचा, त्याच जागी.

“रईस,” बशंदी म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. “उद्या दुपारी तहियाला दोघांचाच चहा सांगू ना?”

झगलूलने चौकटीवरून हात काढला, काखेतलं वाद्य जरा वर सरकवलं, आणि लेकीच्या पुढे होऊन, मागे न बघता, गल्लीत उतरला.