पापणी खाली येत नव्हती

साहेबाने अंगठ्याने माझी पापणी दाबली. हातातला मोजा ग्रीसने काळा झालेला. भिलाईतलं एक खाजगी वर्कशॉप, सकाळच्या पाळीची रांग. चाळीस माणसं हेल्मेट घालून उभी. मी झाडणारी रेजा, रोजंदारीवरची बाई, पहिल्याच ओळीत.

"नजर खाली कर. माह्यावर डोये वटारून राहिली?"

मी खालीच बघत होते. त्याच्या बुटांकडे. पण पापणी खाली येत नव्हती.

थायरॉइड बिघडली तेव्हा हात थरथरायचे, छाती धडधडायची, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. मला आयोडीनची किरणांची गोळी दिली. धडधड थांबली आणि डोळे आणखी बाहेर आले. त्या गोळीने कुणाकुणाचे डोळे बिघडतात, आधी डोळे तपासावे लागतात, हे मला कुणी सांगितलं नाही. बाईच्या जातीला कशाला सांगायचं! खुर्सीपारच्या खोलीत मी उघड्या डोळ्यांनी झोपायचे. नवरा पापण्यांना चिकटपट्टी लावून द्यायचा.

आठ दिवसांआधीच मी साहेबाला डॉक्टरची चिठ्ठी दाखवली होती. खाली बघितलं तरी वरची पापणी मागेच राहते, असं त्यात लिहिलं होतं. त्याने ती पूर्ण वाचली. म्हणून आजही माझं डोकं भणभणतं. त्याला सगळं ठाऊक होतं.

साहेब आणि मी, दोघंही भंडाऱ्याकडचे. सेक्टर ६ मधल्या त्याच्या बापाच्या क्वार्टरात माझी आई भांडी घासायची. तिचा कप बाहेर, नळाजवळ. साहेबलोकांपुढे मान वर करायची नाही, हे तिने मला चालायच्या आधी शिकवलं. बाकीच्यांशी तो हिंदी बोलायचा, शिव्या मला मराठीत द्यायचा. घरची मोलकरीण समजायचा.

मोज्यावरचा लोखंडाचा कीस डोळ्यात रगडला गेला. रांगेत कुणीतरी हसलं. मग त्याचा अंगठा दुसऱ्या डोळ्याकडे आला.

मी त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. पिळलं. तो गुडघ्यावर आला तरी सोडलं नाही.

"आता हात लावशीन त हात तोडीन."

कुणीतरी मागून वेणी धरून मला पालथं पाडलं. हनुवटी फरशीवर आपटली, दात तुटला. तोंडात रक्त होतं आणि मला भीती वाटत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा. गेटपास हिसकावून त्यांनी मला रस्त्यावर ढकललं.

बुबुळावर जखम झाली होती. आणखी एक दिवस गेला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्याला एकदा सलाईनमधून स्टेरॉइड चढलं. डावा डोळा अजून धुरकट आहे. एका माणसाची दोन दिसतात. सूज स्थिर झाली की ऑपरेशन करून पापणी खाली आणता येईल, असं सांगितलंय.

मी ठाण्यात तक्रार दिली. सोबतच्या एका रेजाने साक्षीचा अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी तिचंही काम गेलं.

मग साहेबाचा निरोप आला. तक्रार मागे घे, माफी माग, पास परत भेटेल. नवरा चुलीजवळ बसून हळूच म्हणाला, "थोडी मान झुकव. काम भेटन."

मी त्याला म्हटलं, तिचा अंगठा पुसून दे आधी.

ऑपरेशन मी करणार. मला डोळे मिटून झोपायचंय. पण त्याआधी कोर्टात उभी राहायची वेळ आली, तर याच डोळ्यांनी उभी राहीन. नंतर आली, तरी नजर हीच असेल. तक्रार मागे घेणार नाही.