लाल ठिपक्याला हात लावायचा नाही

रुक्मिणीबाई परबांना दुरुस्तीवाला पारखायला कुणी शिकवायची गरज नव्हती. चेंबूरच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं गाड्यांचे रेडिओ जोडले होते. नवरा धाकू टॅक्सी चालवायचा, आणि त्याच्या टॅक्सीतला रेडिओसुद्धा बाईंच्याच हातचा. टॅक्सी भंगारात गेली तेव्हा धाकूने तो तेवढा काढून घरी आणला आणि बॅटरी लावून ऐकत राहिला. गेल्या वर्षी धाकू गेला. यंदा गणपतीनंतर रेडिओही मुका झाला. बाईंना तो परत वाजायला हवा होता, धाकू ऐकायचा अगदी तसाच.

वयामुळे हात थरथरायचे, नाहीतर त्या दुसऱ्याच्या दारात गेल्याच नसत्या. गेल्या त्याही स्वतःच्या अटीवर. सेट समोर उघडायचा. आत एका स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका होता. स्टेशनं काट्याखाली बरोबर बसली की तो स्क्रू असा बंद करायचा, ही कारखान्याची रीत. तो पुन्हा फिरवला की संपलंच, सगळी स्टेशनं जागा सोडतात. ज्याचा पेचकस आधी त्या ठिपक्याकडे जाईल, तो नापास.

गोवंडीचा दुरुस्तीवाला नापास झाला. बाईंनी त्याचं मनगटच धरलं. मानखुर्दच्याने तर उघडायचीही तसदी घेतली नाही.

"आजी, आत ब्लूटूथ टाकतो ना! बाहेरून तस्साच जुना दिसेल. एकदम झकास!"

"नवऱ्याचा शर्ट दुसऱ्याला घालून घरी आणू का रे मी?" असं म्हणून बाईंनी पिशवी उचलली.

घाटकोपरच्या मुकुलने झाकण काढलं, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ नुसतं बघितलं.

"या लाल ठिपक्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "चांगल्या माणसाचं काम आहे, मावशी."

बाई खुशीत स्टुलावर ऐसपैस बसल्या. सापडला एकदाचा!

मुकुलने बॅटरी जोडली आणि लाकडी दांड्याने आत हलकेच ठोकायला सुरुवात केली. एका जागी रेडिओ खरखरला. "हा बघा. स्पीकरच्या वायरचा जोड. ड्राय सोल्डर. वरून धरलाय, आतून सुटाच. गाडीला हादरा बसला की खरखरायचा ना?"

"हो. पहिल्यापासून."

"पहिल्यापासूनच कच्चा आहे तो. नंतर कुणी हात लावलेला दिसत नाही. ज्याने जोडला, त्याला त्या दिवशी घरी जायची घाई असणार."

बाईंना तो दिवस आठवला. घाई होतीच. शनिवार होता, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर धाकू टॅक्सीचा हॉर्न वाजवत उभा होता.

तीस वर्षं त्या त्याला सुनावत आल्या होत्या, "तुम्हाला गाडी चालवता येत नाही. खड्ड्यात घालता, म्हणून माझा रेडिओ खरखरतो." धाकूने कधी वाद घातला नाही. "बरा गो, सावकाश चालवतंय," एवढंच म्हणायचा, आणि बाई गाडीत असल्या की खरोखरच सावकाश चालवायचा.

मुकुल सोल्डर करायला वाकला.

"थांब. जोड माझा आहे. मीच पक्का करणार."

मुकुलने जीभ चावली. "सॉरी मावशी, मला काय माहीत..."

"सॉरी कशाला? माझ्या तोंडावर माझी चूक सांगितलीस. हा सेट आता दुसरीकडे जायचा नाही. माझं मनगट धर."

त्याने मनगट धरलं. थोडा धूर निघाला, जोड चकाकला, आणि रेडिओ बातम्या सांगू लागला. काटा जिथे असायचा तिथेच होता.

बाईंनी टेबलावर मूठ आपटली. खरखर नाही. पुन्हा आपटली, चांगली जोरात. बातम्या चालूच.

त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. रेडिओवर तळहात ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, गाडी तुम्ही नीटच चालवायचात."