लोकरकाकूंची तयारी

लोकरकाकू विणायच्या कमी आणि विणायची तयारीच फार करायच्या. लहान मुलाचा स्वेटर त्यांच्या हातून आठवड्याभरात उतरायचा, पण त्याआधी लोकर आणणं, तपासणं, धुणं, वाळवणं, रंगाशेजारी रंग ठेवून बघणं आणि लड्या गुंडाळून त्यांचे गुंडे करणं यात महिना-दीड महिना सहज निघून जायचा. तेवढा सगळा वेळ त्या काळजीत असायच्या. रंग जाईल का, लोकर कमी पडेल का, निळ्याशेजारी हिरवा ठेवला तर नक्षी दिसेल का. बरं, हैदराबादेत थंडी पडून पडून पडणार किती? डिसेंबरात लोक हौसेने स्वेटर घालतात आणि संक्रांत झाली की पंखे पुन्हा फिरायला लागतात. काकूंची काळजी मात्र बाराही महिने सुरू.

अंबरपेठेत आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आम्ही दोघं नोकरीसाठी पुण्याहून आलेलो. काकूंचं घराणं मूळचं नांदेडकडचं, पण निजामाच्या वेळेपासून हैदराबादेत मुरलेलं. त्यामुळे त्यांची मराठी ऐकताना सुरुवातीला मला मधूनमधून थांबावं लागायचं. 'हौ' म्हणजे हो, 'नक्को' म्हणजे अजिबात नको, आणि 'परेशान' हा शब्द त्यांच्या बोलण्यात स्वयंपाकात मीठ असतं तसा सगळीकडे. दिलसुखनगरला क्लास चालवणारा मुलगा सुधीर, तो आणि त्या, एवढंच घर. दारावरची पाटीही सुधीरच्या नावाची. काकूंचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही ते त्यांचं वाटलं नाही.

दुसऱ्यांच्या वाटची काळजी त्या न मागता उचलायच्या. आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी नेहमीच्या वेळेला ऐकू गेली नाही की लगेच फोन. "गॅस संपला का गं? की बरं नाही?" मी घरून काम करायचे आणि मीटिंगमध्ये असायचे. वैताग यायचा. मी जरा तुटक उत्तर दिलं की त्या अजून घाबरायच्या आणि वर येऊन बघून जायच्या. एकदा मी सरळ म्हटलं, "काकू, मी ठीक आहे हो." त्या म्हणाल्या, "हौ, दिसायलीस ठीक. पण माझ्या जिवाला दिसल्याशिवाय कसं कळावं?"

लोकर घ्यायला त्या सुलतान बाजारातच जायच्या, आणि दुकानदाराचा जीव नकोसा करायच्या. लडी हातात घेऊन दुकानाबाहेर उन्हात यायच्या, मग सावलीत जायच्या, मग पुन्हा उन्हात. सगळ्या लड्यांच्या चिठ्ठ्यांवरचा लॉटचा नंबर एकच आहे ना, हे मला मोठ्याने वाचून दाखवावं लागायचं. एकाच रंगाच्या दोन लॉटांत, म्हणजे रंगवणीच्या दोन खेपांत, छटेचा फरक असतो आणि तो अर्धा स्वेटर झाल्यावर दिसतो, हा त्यांचा अनुभव. एकदा तो दुकानदार कंटाळून म्हणाला, "अम्मा, शादी के लिए लडका देख रहे क्या?" काकू न हसता म्हणाल्या, "लडके को एक बार पसंद करे तो हो गया. रंग धोने के बाद बदलता." त्या माणसाने मुकाट्याने दुसरं पोतं उघडलं.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू व्हायची. काकूंजवळ पांढऱ्या रुमालांचा एक गठ्ठाच होता. प्रत्येक रंगाचा वीतभर धागा कोमट पाण्यात भिजवायचा, रुमालात घालून मुठीत दाबून धरायचा आणि मग रुमाल उघडून डाग बघायचा. पांढऱ्याशेजारी गडद रंग विणायचा आणि तो धुतल्यावर पांढऱ्यात उतरायचा, यासारखं दुःख जगात नाही असं त्यांचं ठाम मत होतं. परीक्षेत पास झालेल्या लड्या रिठ्याच्या पाण्यात धुतल्या जायच्या आणि गच्चीवर सावलीत काठीला टांगल्या जायच्या. कबुतरांच्या भीतीने काकू तिथेच स्टूल टाकून बसायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, मीसुद्धा कामात मोबाइलचं टेस्टिंगच करते, पण तुमच्याएवढं नाही करत." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुमचे मोबाइल बंद पडायलेत."

मला पाचवा महिना लागला तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. आधीच्या वर्षी एकदा सगळं सुरळीत चाललंय म्हणता म्हणता संपलं होतं, आणि त्यानंतर मला कुठल्याही आनंदाची धास्तीच बसली होती. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "स्वेटर मी करते. पांढऱ्यावर पोपटांची रांग. हिरवे पोपट, लाल चोची." मी घाबरून म्हटलं, "आत्ता नको, काकू." त्या म्हणाल्या, "आत्ता कोण करायलंय? बाळ यायच्या आधी त्याच्या नावानं टाका घालायचा नसतो. मलाही कळतं ते. आपण नुसती लोकर तयार करू."

"मग लोकर धुणं म्हणजे करणं नाही का?" मी विचारलं.

"भाजी निवडली म्हणजे जेवण झालं का?" काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमची तयारी सुरू झाली आणि ती संपेचना. मला आता वाटतं, काकूंना ती संपवायचीच नव्हती. मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. मनातलं भय बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती, आणि काकू ते विचारतही नव्हत्या. त्याऐवजी आम्ही दोघी हिरव्या रंगाची काळजी करायचो. डोळे अर्धे मिटून बघितलं की गडद कुठला आणि फिका कुठला ते कळतं, हे त्यांनी मला शिकवलं. मी त्यांना मोबाइलवर लड्यांचा काळा-पांढरा फोटो काढून दाखवला. वेगळे वाटणारे दोन रंग फोटोत एकसारखे करडे दिसले तर विणल्यावर नक्षी हरवणार. काकू थक्क झाल्या. मग म्हणाल्या, "चांगलंय. पण डोळेच मिटून बघ तू. मोबाइलची बॅटरी संपते."

लाल रंगाची परीक्षा मात्र माझ्यासमोर झाली तेव्हा वेगळंच घडलं. काकूंनी मूठ उघडली, रुमाल पसरला आणि पांढऱ्यावर तो लाल डाग दिसला. मागच्या वर्षीची सकाळ माझ्या डोळ्यांपुढे आली. मी काहीतरी निमित्त काढून वर निघून आले. दुसऱ्या दिवशी गेले तर टोपलीत लाल लडी नव्हती. तिच्या जागी हळदीसारखी पिवळी होती. "लाल नक्को," काकू दुसरीकडे बघत म्हणाल्या, "त्या दुकानदारानं फसवलं." पिवळ्या चोचीचा पोपट कुणी पाहिलाय का, असं मी विचारणार होते, तेवढ्यात काकूंनी लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवली आणि गुंडा करायला घेतला. "हात ढिले ठेव," त्या म्हणाल्या. "ताणून गुंडाळली की लोकर थकते, मग धुतल्यावर स्वेटर आकसतो."

सातवा सरता सरता एका दुपारी मला कळा यायला लागल्या. नवरा ऑफिसात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. काकूंनीच रिक्षा थांबवली आणि हिमायतनगरच्या दवाखान्यापर्यंत रिक्षावाल्याला सोडलं नाही. "भैया, आहिस्ता चलाओ. गड्ढे देख के." तो बिचारा म्हणाला, "अम्मा, मैं क्या करूं, सडकां ऐसेच हैं." काकू एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने रिक्षाची दांडी धरून बसल्या होत्या, आणि त्यांचे ओठ सारखे हलत होते.

मुलगी झाली. वेळेच्या फार आधी, म्हणून तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं. डॉक्टर काही पक्कं सांगत नव्हते. नवरा बघून आला, त्याने फोटो काढून आणला, तर मी मोबाइल उलटा करून ठेवला. सिस्टरने खुर्ची आणली, मी टाके दुखतायत म्हणून गेले नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. बघितलं की ती माझी होणार, आणि मग तिला काही झालं तर मी कुठे जाऊ? दुसऱ्या दिवशीही गेले नाही. नवऱ्याने समजावलं, माझी आई पुण्याहून फोनवर रडली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तेव्हा काकू आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी पांढरा, हिरवा, पिवळा असे गुंडे काढले आणि मग सुया काढल्या. इतक्या महिन्यांत त्या लोकरीजवळ सुई मी पहिल्यांदाच बघत होते. मी ताडकन उठून बसले.

"काकू, नका ना. अजून काहीच नक्की नाहीये. तुम्हीच म्हणायचात, आधी काही करू नये."

"ती यायच्या आधी म्हणायले होते. आता आलीये की ती."

"पण राहील का?"

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. मला वाटलं, आता काकूंचा धीर सुटेल. कुकरच्या शिट्टीने कासावीस होणारी बाई ती. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "ते मला माहिती नाही. डॉक्टरला पण नाही. पण आज ती इथं आहे आणि आज तिला थंडी वाजायलीये. किती दिवस राहणार ते विचारून कुणी आलेल्याला पांघरूण देतं का?" मग पिशवीतून त्यांनी पांढऱ्या लोकरीचा एक तुकडा काढला. "टोपी करायची आहे. माप पाहिजे मला. जा, डोकं मोजून आण."

"सिस्टरला सांगते."

"सिस्टर परेशान आहेत, त्यांच्याकडं दहा बाळं आहेत. तू जा."

काकूंच्या आवाजात काहीतरी होतं. मी गेले. भिंतीला धरून, पाय ओढत, हातात तो धागा घेऊन. सिस्टरने माझे हात धुवायला लावले आणि धाग्याकडे संशयाने बघितलं. "धुला हुआ है क्या ये?" हा प्रश्न ऐकण्यासाठीच जणू काकू जन्मभर लोकर धूत आल्या होत्या. मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर दोन दिवस अडलेलं रडूही. "हां सिस्टर," मी म्हटलं, "बहुत धुला हुआ है."

पेटीच्या बाजूच्या खिडकीतून मी हात आत घातला. डोकं मोठ्या मोसंबीएवढं. धागा मी कपाळावरून कानामागे नेला. धागा टेकल्याबरोबर तिने कपाळाला आठी घातली, अगदी मोठ्या माणसासारखी, साऱ्या जगाचा भार डोक्यावर असल्यासारखी. मला काकूच आठवल्या. मी तिचं कपाळ बोटाने हळूच चोळलं. ते गरम होतं. त्यानंतर मला तिथून हलवायला सिस्टरला रागवावं लागलं.

काकूंनी मापाचा धागा आपल्या तळहातावर पसरला. "मला वाटलं त्याच्यापेक्षा मोठं आहे," म्हणाल्या. खोटं बोलत होत्या, तेही चांगलं जमलं नाही. मग त्यांनी टाके घातले. सगळं तयार होतं, त्यामुळे पोपटांच्या रांगेसकट टोपी एका बैठकीत झाली. नक्षीच्या मागून जाणारे धागे बाळाच्या केसांत अडकू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक टाक्याला गुंतवून घेतले होते. सिस्टरने टोपी फिरवून बघितली आणि विचारलं, "ये मैना है क्या?" काकू म्हणाल्या, "तोता है. हल्दी खाया."

मुलगी आता शाळेत जाते. दंगेखोर आहे, आणि थंडी तिला अजिबात वाजत नाही.

काकू या दिवाळीनंतर आजारी पडल्या. आधी ताप, मग छाती भरली, मग अतिदक्षता विभाग. मी गेले तेव्हा सुधीर बाहेर बाकावर बसला होता. "वहिनी, आत नका जाऊ," तो म्हणाला. "तोंडात नळ्या आहेत, कुणाला ओळखत नाही. तुमच्या आठवणीतली आई तशीच राहू द्या." तो भल्यासाठीच सांगत होता. आणि मलाही परत फिरायचंच होतं, खोटं कशाला बोलू? पाय दाराकडे वळलेसुद्धा होते. पण मी हात धुतले आणि आत गेले.

काकू लहानखुऱ्या दिसत होत्या. त्यांच्या कपाळावर एकही आठी नव्हती. इतक्या वर्षांत तसं मी कधीच बघितलं नव्हतं, आणि त्या गुळगुळीत कपाळाचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी त्यांच्याशी बोलले. मुलीचं सांगितलं, घरातलं काहीबाही सांगितलं. त्यांचा हात हातात धरून वेळ संपेपर्यंत बसले. दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्या भेटीच्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा सुधीर उठून उभा राहिला.

"काही कळलं का हो तिला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण हात फार गार होते. सिस्टरकडून अजून एक पांघरूण मागून घातलंय."