दोनशे एकसष्ट मार्कांची मुलगी

आगाशीच्या बाजूला वाडी असलेल्या चुरींच्या घरात भालचंद्र हा पहिला पगारदार माणूस. तालुक्यातल्या एका लहानशा कॉलेजात तो क्लार्क होता आणि प्रवेशाच्या खिडकीमागची खुर्ची दहा वर्षं त्याचीच होती. तेवढ्या काळात तीन प्रिन्सिपॉल आले नि गेले, चुरी क्लार्क जागचा हलला नाही. पण पंचक्रोशीत त्याचं नाव झालं होतं ते खिडकीमुळं नव्हे, जून महिन्यातल्या रविवारांमुळं.

बारावीचा निकाल लागला की रविवारी सकाळपासून त्याच्या ओटीवर माणसं येऊन बसत. कुणी चांदीपहून, कुणी मनवेलपाड्याहून, कुणी अर्नाळ्याहून, सोबत मान खाली घातलेलं पोर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत मार्कशीट. वर्गात पहिल्या आलेल्यांना भालचंद्रची गरज नसे. त्याच्याकडं येत ते चाळीस-पंचेचाळीस टक्केवाले, ज्यांच्याकडं घरात कुणी नीट बघत नव्हतं आणि कॉलेजात कुणी विचारत नव्हतं. भालचंद्र मार्कशीट हातात घेई, नाव न वाचता आधी एकूण मार्क बघे, मग एकेक विषय. नंतर जुन्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या मागं तीन कॉलेजांची नावं लिही. पहिलं मनासाठी, दुसरं मार्कांसाठी आणि तिसरं झोपेसाठी, असं तो म्हणे. पहिल्या ठिकाणी नशीब असलं तर लागेल, दुसऱ्या ठिकाणी बहुतेक लागेल, आणि तिसऱ्या ठिकाणी डोळे मिटून लागेल. ते तिसरं नाव लिहून घेतल्याशिवाय तो कुणाला ओटीवरून उठू देत नसे. ते तिसरं नाव बहुतेक वेळा त्याच्याच कॉलेजचं असे.

गोड बोलणं त्याला जमत नसे. चांदीपचे श्रीपत एकदा मुलीला घेऊन आले. मुलीला एकेचाळीस टक्के आणि बापाच्या डोक्यात चर्चगेटचं कॉलेज, कारण त्यांच्या शेटची मुलगी तिथं जात होती. भालचंद्रनं सरळ सांगितलं, तिथला फॉर्म घेणं म्हणजे नुसता हेलपाटा, पोरीला दारातून परत पाठवतील आणि तिचं मन मोडेल ते वेगळंच. एक वर्ष घरी बसलेली मुलगी पुन्हा कॉलेजचं तोंड बघत नाही, हेही त्यानं ऐकवलं. श्रीपत म्हणाले, "भाऊ, मना यातलं काय कलत नाय. तू लिवशील तिथं घालतो." मुलगी तिसऱ्या नावाला लागली आणि पुढं ग्रॅज्युएट झाली. असे शंभर तरी बाप भालचंद्रनं जमिनीवर आणले असतील.

मग आला त्र्याऐंशीचा जून, आणि त्याच्या स्वतःच्या मुलीचा, प्रेमलाचा, कॉमर्सचा निकाल लागला. सहाशेपैकी दोनशे एकसष्ट. इंग्रजीत छत्तीस, अर्थशास्त्रात चाळीस.

आता मार्क कमी पडणं हा काही गुन्हा नव्हे. पण या शहाण्यानं मार्चपासून ऑफिसात "आमच्या प्रेमलाचा फर्स्ट क्लास कुठं जात नाही" असं शिपाई काशीरामपासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काशीरामनं विचारलं तेव्हा "झाली पास" एवढं म्हणून तो फायली काढायला उठला. त्या रविवारी ओटीवर आलेल्या माणसांना सुभद्रेनं, त्याच्या बायकोनं, ते वाडीत गेलेत असं सांगितलं. तो खरंच वाडीत होता. केळींच्या रांगेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होता. हातात कोयता होता, पण एक पान तोडलं नाही.

प्रेमलानं मार्कशीट दोनदा त्याच्यासमोर आणून ठेवली. तिला वाटलं, बाबा इतरांच्या मुलांना सांगतात तसं आपल्यालाही सांगतील, वाईट असेल तर वाईट सांगतील, पण सांगतील. त्यानं ती उचलली, एकूण मार्कांच्या जागी अंगठा ठेवला आणि कपाटात ठेवून दिली. "तू काळजी करू नको, मी बघतो," एवढंच म्हणाला. तिला बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. हे तिनं त्याला सांगितलं होतं, आणि त्याला ते पाठही होतं.

भालचंद्रच्या वडिलांची, दयारामांची, पानवेल होती. विड्याची पानं बाजारात पाठवण्याआधी निवडावी लागतात, चांगली एका बाजूला, डागाळलेली दुसऱ्या बाजूला. दयाराम आपल्या मळ्याची पानं स्वतः कधी निवडत नसत, शेजाऱ्याला बोलावत आणि शेजाऱ्याची स्वतः निवडत. स्वतःच्या वेलीचं पान हातात आलं की डाग दिसत नाही, असं ते म्हणत. भालचंद्र लहानपणी त्या ढिगापाशी बसलेला होता, त्याला हे सगळं माहीत होतं. तरी त्यानं मुलीची मार्कशीट कुणा शेजाऱ्याला दाखवली नाही. दाखवायची होती कुणाला? सगळं गाव तर त्यालाच दाखवत होतं.

त्यानं दोन फॉर्म आणले. एक पार्ल्याचा, एक अंधेरीचा. दोन्हीकडं साठ टक्क्यांच्या खाली कुणी लागत नाही, हे त्यानं इतरांना झोपेतही सांगितलं असतं. पण त्याच्या मनानं हिशोब वेगळा मांडला. आपण क्लार्क, तिथलेही क्लार्क. दहा वर्षांची ओळख आहे, पत्रव्यवहार आहे. आणि वाडीची माणसं कामाला जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी, केळीच्याच सुक्या पानात बांधून, त्यानं पार्ल्याच्या हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवली. हेडक्लार्कनं पुडा हुंगला, घरचे सगळे कसे आहेत विचारलं, मार्कशीटची प्रत बघितली आणि म्हणाला, "बघू."

भालचंद्र तिथून हलक्या पावलांनी बाहेर पडला. "बघू म्हणालेत," असं त्यानं घरी येऊन सुभद्रेला सांगितलं. या माणसाची मला कीव येते ती इथं. दहा वर्षं खिडकीत बसून ज्याला नाही म्हणवत नव्हतं अशा प्रत्येकाला त्यानं स्वतः "बघू" म्हटलं होतं. त्या शब्दाचा अर्थ त्याच्याइतका तालुक्यात कुणाला कळत नव्हता.

सुभद्रेला शिक्षणातलं फारसं कळत नसे, पण ओटीवरचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येई आणि इतक्या वर्षांत तिला ते तोंडपाठ झालं होतं. एका संध्याकाळी तो जेवत असताना वाडीतल्या फुलांच्या परड्या भरता भरता ती म्हणाली, "परक्यांच्या पोरांना तीन नावं देता. आपल्या पोरीला दोनच का?" भालचंद्र चिडला. तिला म्हणाला, तुला काय कळतंय, आणि जेवण अर्धं टाकून बाहेर गेला. खरं तर तिसरं नाव त्याच्या जिभेवर होतं. पण ते लिहायचं म्हणजे आपल्याच खिडकीतून आपल्याच मुलीचे दोनशे एकसष्ट आत घ्यायचे, आपल्याच हातानं रजिस्टरात लिहायचे, आणि काशीरामनं ते खांद्यावरून वाचायचे. त्याच्या कॉलेजात फॉर्म घ्यायची शेवटची तारीख होती एक जुलै, शुक्रवार, दुपारी चारपर्यंत. ती तारीख त्यानंच फळ्यावर लिहिली होती.

गुरुवारी तो रजा टाकून पार्ल्याला गेला. कॉमर्सची यादी लागली होती. शेवटचा मुलगा एकसष्ट टक्क्यांचा. त्यानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, जणू मधल्या कुठल्या ओळीत चुरी नाव चुकून शिरलं असेल. मग तो आत गेला. हेडक्लार्कनं खुर्ची दिली, चहा मागवला, सुकेळी फार गोड होती म्हणाला. दुसऱ्या यादीचं काही होईल का, असं भालचंद्रनं विचारलं. "बघू," हेडक्लार्क म्हणाला. त्या वेळी भालचंद्रनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. तो मान खाली घालून कागद सारखे करत होता. भालचंद्रही नेमकं तेच करत असे. तो उठला आणि चहा तसाच टाकून निघाला. अंधेरीला गेलाच नाही.

शुक्रवारी तो वेळेच्या आधी कामावर आला. खिडकीसमोर रांग होती. फॉर्म घेत होता, शिक्के मारत होता, पण मन थाऱ्यावर नव्हतं. एका मुलाला दोनदा पावती दिली. मधल्या सुट्टीत खणातून एक कोरा फॉर्म काढला, पेन उघडलं, काशीराम आला तसा फॉर्म परत ठेवला. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. साडेतीनला त्याच्या मनात आलं, चार वाजता खिडकी लावून घ्यावी, सगळे गेले की फॉर्म भरावा आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून द्यावा. शिक्का आपल्या हातात, रजिस्टर आपल्या हातात. कोण विचारतंय? दहा वर्षांत चार वाजून एक मिनिटाला आलेल्या कितीजणांच्या तोंडावर त्यानं ती खिडकी लावली होती, काहींच्या आया बाहेर रडत बसल्या होत्या. ते सगळं त्याला आठवलं. तरी तो घड्याळाकडं बघत चार वाजायची वाट पाहू लागला.

चारला दहा मिनिटं कमी असताना खिडकीतून एक फॉर्म आत आला. त्यानं सवयीनं आधी एकूण मार्क बघितले. दोनशे एकसष्ट. मग वर बघितलं. गजांपलीकडं प्रेमला उभी होती, मागं तिची मैत्रीण रोझमेरी, आणि तिच्या मागं अजून तीन-चार मुलं.

फॉर्म नीट भरलेला होता, एकही खाडाखोड नाही. कोपऱ्यात फॉर्म दिल्याची गुरुवारची तारीख आणि काशीरामची सही. म्हणजे तो पार्ल्यात यादी वाचत होता तेव्हा ती इथं येऊन फॉर्म घेऊन गेली होती, आणि ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून त्याचा जीव चालला होता त्यांना कालच सगळं कळलं होतं. तरी सकाळपासून कुणी त्याला एका शब्दानं बोललं नव्हतं. पालकाच्या रकान्यात सुभद्रेचं नाव होतं. नातं, आई. व्यवसाय, बागायत. खाली सुभद्रेची सही होती, एकेक अक्षर दाबून काढलेली, शेवटची वेलांटी रकान्याबाहेर गेलेली. सगळ्या फॉर्मवर भालचंद्र होता तो फक्त मुलीच्या नावाच्या मधोमध.

त्यानं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. प्रेमला भालचंद्र चुरी. २६१. काशीराम मागं उभा होता, त्यानं उभं राहू दिलं. शिक्का तिरका बसला, तो पुन्हा नीट मारला.

"मिळेल का?" प्रेमलानं विचारलं. खिडकीसमोर येणारं प्रत्येक मूल हेच विचारी.

"मिळेल," तो म्हणाला. "पहिल्या यादीत नाही. दुसऱ्या यादीत नक्की."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"निकाल लागला त्या दिवसापासून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

रांगेतली मुलं ऐकत होती. त्यानं पावतीचं पुस्तक उघडलं, मिटलं. "मला लाज वाटत होती," तो म्हणाला.

"कुणाची, माझी?"

घरी विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, डोक्यावरून हात फिरवला असता आणि ते दोघांनाही खरं वाटलं असतं. पण या खुर्चीत बसून एवढ्या सरळ विचारलेल्या प्रश्नाला त्याला खोटं बोलता येईना.

"हो," तो म्हणाला.

प्रेमलाचे डोळे भरले. पण ती रडली नाही. तिनं गजातून हात घालून पावती घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली.

"आता तीन वर्षं मी रोज याच खिडकीसमोरून जाणार आहे, बाबा," ती म्हणाली, आणि मागच्या मुलाला पुढं येता यावं म्हणून बाजूला झाली.